पाणी तपासणारे साडू

पाण्याला घाबरणारी माणसं पुष्कळ असतात. पण ज्याला पाणीच घाबरतं असा माणूस माझ्या पाहण्यात एकच, आणि तो म्हणजे माझे थोरले साडू. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांचा जन्म बडोद्याचा, शिक्षण बडोद्याचं आणि उभी नोकरी पाणी तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत. दुसरी माणसं बडोद्याचे भाग सांगताना चौक, देवळं, बागा सांगतात. हे पाण्याच्या टाक्या सांगतात. समा म्हटलं की त्यांना आमचं घर आठवत नाही, समाच्या टाकीचा व्हॉल्व्ह आठवतो. निवृत्त झाले तेव्हा कचेरीतल्या लोकांनी शाल, श्रीफळ दिलं आणि सुटकेचा निःश्वास टाकला. त्यानंतर त्यांचं सगळं लक्ष नातेवाइकांकडे वळलं, आणि आम्ही श्वास रोखून बसलो.

बडोद्यात पाहुणा दारात आला की "आवो, आवो" म्हणत आधी पाण्याचा ट्रे पुढे येतो. आमचे साडू ट्रेमधला पेला उचलतात, डोळे मिटून वास घेतात, खिडकीच्या उजेडात धरतात आणि पुन्हा ट्रेमध्ये ठेवतात. मग म्हणतात, "नळाचं मिळेल का थोडं?" नळाचं आलं की शर्टाच्या खिशातून बोटाएवढी काचेची नळी निघते, दुसऱ्या खिशातून औषधाची इवलीशी बाटली. नळीत पाणी, पाण्यात थेंब, आणि मग सगळ्या घरानं गप्प राहायचं. पाणी पिवळं झालं तर त्यात जंतू मारणारं औषध, म्हणजे क्लोरीन, शिल्लक आहे, पाणी चांगलं. नाही झालं तर वाटेत कुठली तरी घाण ते औषध खाऊन बसलीय. पिवळं झालं की साडू दोन पेले गटागटा पितात. नाही झालं की हात जोडतात. त्यांचे पणजोबा संस्थानच्या दरबारात कारकून होते, त्यामुळे घराण्यात एक अदब आहे आणि ती त्यांनी टिकवली आहे. "आपल्या घरचं पाणी अत्यंत घाण आहे," ते वाकून सांगतात, "क्षमा असावी."

त्यांच्या पुतण्यासाठी सयाजीगंजात मुलगी पाहायला गेलो होतो. मुलीचं शिक्षण, नोकरी, गाणं असं सगळं विचारून झाल्यावर साडूंनी घसा साफ केला. मला वाटलं आता पत्रिकेचं काही काढतात. त्यांनी विचारलं, "गच्चीवरची टाकी कधी धुता?" मुलगी हजरजबाबी. म्हणाली, "दिवाळीला." साडूंनी विचारलं, "कुठल्या?" मुलीच्या वडिलांच्या हातून चहा सांडता सांडता राहिला. मुलगी मात्र हसत सुटली, आणि त्या हसण्यावरच पुतण्यानं होकार कळवला. लग्नात साडूंनी आहेर म्हणून डोयो दिला. डोयो म्हणजे माठातलं पाणी काढायचं लांब दांड्याचं ओगराळं. इथल्या जुन्या घरांतून अजून दिसतं. प्रत्येक लग्नात ते हाच आहेर देतात आणि त्याला चिठ्ठी बांधतात: "पेला माठात बुडवू नये. पेल्याबरोबर बोटं बुडतात, बोटांबरोबर बरंच काही बुडतं. उभयतांस अनेक आशीर्वाद." आमच्या नात्यात आता इतके डोयो झाले आहेत की वाटणीच्या वेळी त्यांवरून कुणाचं भांडण होणार नाही एवढी खात्री आहे.

लग्नाच्या पंगतीपेक्षा त्यांचा जीव बेसिनपाशी रमतो. जेवायला जाणाऱ्या प्रत्येकाचे हात ते न्याहाळतात. एकदा एका व्याह्यांना, गृहस्थ चांगले उद्योगपती, त्यांनी बेसिनवरून परत फिरवलं होतं. "अंगठा राहिला," म्हणाले. व्याही बिचारे अंगठा धुऊन आले आणि तो दाखवून पंगतीला बसले. साथीच्या त्या दोन वर्षांत सगळं जग हात धुवायला शिकलं तेव्हा आम्हाला वाटलं, आता साडूंना बरं वाटेल. पण ते फोनवर म्हणाले, "मास्तर, हे टिकायचं नाही. लोक भीतीनं धुताहेत, सवयीनं नाही." मी शाळेत मराठी शिकवत असे, म्हणून मी मास्तर. त्यांचं म्हणणं खरं ठरलं हे सांगायला नकोच. पुढच्याच लग्नसराईत ते पुन्हा बेसिनपाशी एकटे उभे होते.

मी त्यांची थट्टा करण्यात कधी कसूर केली नाही. ते घरी यायचे म्हटलं की मी बायकोला म्हणत असे, "सुधा, पाण्याला जरा पावडर लाव, बघायला येताहेत." सुधाही हसायची. आता वाटतं, आपण जरा कमी हसायला हवं होतं. पण ते आत्ता.

आमची सोसायटी समाला. चोवीस टेनामेंट, म्हणजे एकमेकांना चिकटलेली घरं, समोरासमोर, मधे गल्ली, टोकाला कॉमन प्लॉट. नळाला पाणी सकाळी साडेसहा ते साडेसात. आधी ते धो धो येई. मग कुणीतरी नळाच्या पाइपालाच थेट मोटर लावून पाणी ओढायला सुरुवात केली. त्याच्या शेजाऱ्याचं पाणी बारीक झालं, म्हणून त्यानं लावली. असं करत करत ती मोटर गल्लीभर पसरली. अशी मोटर लावायला बंदी आहे हे सगळ्यांना ठाऊक, त्यामुळे ती प्रत्येकाकडे होती आणि कुणाकडेच नव्हती. कुणी ती पायऱ्यांखाली लपवली, कुणी कपडे धुवायच्या चौकडीत बादली पालथी घालून. आमची जुन्या कूलरच्या मागे होती. लपवता येत नव्हता तो फक्त आवाज. त्यावर तोडगा म्हणून मोटर सुरू झाली की बायका मिक्सर लावत. साडेसहाच्या ठोक्याला आमच्या अख्ख्या सोसायटीला एकदम चटणी वाटायची लहर येत असे. सुधा तर रिकामंच भांडं फिरवायची. मी ह्या सगळ्याला लबाडी म्हणत नव्हतो, सोय म्हणत होतो. निवृत्त शिक्षक शब्द बरोबर निवडतो.

गेल्या वर्षी श्रावणाच्या सुमारास आमची मुलगी मुक्ता बाळंतपणासाठी अहमदाबादहून आली. सातवा महिना होता. आमचं एकुलतं एक लेकरू, त्यात तिच्या लग्नानंतर सात वर्षांनी लागलेली ही आशा. सुधा देवासमोर बसली की उठतच नसे. डोहाळजेवण कॉमन प्लॉटमध्ये मांडव घालून करायचं ठरलं. मुक्ताला डोहाळे कसले लागावेत, तर पाणीपुरीचे. डॉक्टरीणबाईंनी बाहेरची पाणीपुरी बंद केली होती, म्हणून आम्ही घरच्याच पाण्याचा काउंटर लावणार होतो. चिंच, पुदिना सगळं आणून ठेवलं होतं. त्याच आठवड्यात गल्लीच्या टोकाच्या घरातल्या दोन मुलींना कमळो झाला, म्हणजे कावीळ. सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली आणि "बाहेरचं खाल्लं असेल" असा निकाल देऊन टाकला. मीसुद्धा. आमच्याकडे फिल्टर होता, त्यामुळे मी निर्धास्त होतो. सुधानं मात्र बहिणीला फोनवर ही हकिगत सांगितली, आणि ती साडूंच्या कानावर गेली.

रविवारी सकाळी, डोहाळजेवणाला पाच दिवस असताना, सव्वासहाला आमच्या दारात स्कूटर थांबली. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, वासण्याला त्यांचं घर, तिथून समापर्यंत ते एवढ्या पहाटे आले होते. "आवो, आवो" म्हणण्याइतका मी जागाही झालो नव्हतो. "नळाला पाणी आलं की सांगा," एवढं बोलून ते ओट्यावर बसले, खिशात नळ्यांचं पुडकं. पाणी आलं. साडू गल्लीच्या तोंडाशी गेले आणि पहिल्या घरापासून एकेक नळी भरत निघाले. पहिली चार घरं पिवळी. पाचवं फिकट. सहाव्या घरापाशी गटाराचं चेंबर आहे, त्याच्यापुढे एकाही घरात पिवळा रंग नव्हता. आमचं घर नववं. दोन्ही बाजूंना मिक्सर घरघरत होते. साडू गल्लीच्या मधोमध उभे राहिले, मान थोडी वाकडी करून ऐकत.

मग ते आमच्या घरात आले. "मास्तर," त्यांनी विचारलं, "आपल्याकडे लाईनवर मोटर आहे?"

"छे," मी म्हणालो.

आत सुधाचा मिक्सर चालू होता. साडूंनी स्वयंपाकघराच्या दारातून तिला अगदी मायेनं विचारलं, "सुधा, कसली चटणी?"

"कोथिंबिरीची, भावोजी."

"कोथिंबीर कुठल्या पाण्यानं धुतलीस?"

सुधानं मिक्सर बंद केला. मिक्सर बंद झाल्यावर कूलरच्या मागून जो आवाज येत होता तो आम्ही तिघांनीही ऐकला. एवढ्यात मुक्ता न्हाणीघरातून दात घासत बाहेर आली, हातात नळाच्या पाण्याचा पेला, चूळ भरायच्या बेतात. साडू पुढे झाले आणि त्यांनी पेला तिच्या हातातून काढून घेतला. घेतला नाही, हिसकावला. त्या माणसाला मी कधी मोठ्यानं शिंकतानाही पाहिलं नव्हतं. पेला त्यांनी मोरीत ओतला. "हिला फिल्टरचं पाजता," ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "आणि चूळ? भाजी? कोशिंबीर? भांडी? ह्या दिवसांत ही कावीळ झाली तर, मास्तर, नुसती पोरीच्याच जिवावर नाही..." मुक्तानं तोंडातला फेस तसाच ठेवून माझ्याकडे पाहिलं. मला त्या क्षणी जमीन दुभंगली असती तर बरं झालं असतं.

जरा वेळानं त्यांनी मला खाली बसवून समजावलं, वर्गातल्या ढ मुलाला समजावतात तसं. पाइपाला कुठेतरी चीर असते. पाणी स्वतःच्या जोरानं येत असलं तर ते चिरेतून बाहेर गळतं, आत काही येत नाही. पण वीस मोटरी एकदम ओढायला लागल्या की पाइप भुकेला होतो, मग तो चिरेतून बाहेरचं आत ओढतो. बाहेर काय आहे? चेंबर. "फार सोपं आहे," ते म्हणाले. "आपण सगळे मिळून गटार ओढतो आहोत." पाण्याच्या घाणेरडेपणाबद्दल त्यांनी ह्या वेळी क्षमा मागितली नाही.

दहा वाजता कॉमन प्लॉटमध्ये सगळे जमले. साडूंनी कठड्यावर नळ्या ओळीनं मांडल्या, चार पिवळ्या, एक फिकट आणि बाकीच्या साध्या, आणि सांगायचं ते सांगितलं. सेक्रेटरी जयंतीभाई उठले. "अमारी सोसायटीमां कोईने त्यां मोटर नथी, साहेब," ते म्हणाले, आणि कुणाकडेच मोटर नाही म्हणून सगळ्यांनी माना हलवल्या. एकीनं तर "पाणी तो केवुं चोख्खुं देखाय छे" असं सांगून पाण्याच्या स्वच्छतेची ग्वाहीही दिली. साडूंनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. माझ्याकडे पाहायचं मात्र त्यांनी टाळलं. साडूंचं नातं मोठं नाजूक. चारचौघांत मला उघडं पाडणं त्यांना जमलं नसतं, आणि ते मला कळत होतं. टोकाच्या घरातल्या त्या मुलींची आई मागे भिंतीला टेकून उभी होती, मुली दवाखान्यात. मला घरात बसलेली मुक्ता दिसत होती. मी उभा राहिलो. 

"माझ्याकडे आहे," मी म्हणालो. "कूलरच्या मागे. सकाळी मी खोटं बोललो."

कुणी हसलं नाही. मग जयंतीभाई खाली बघत म्हणाले, "मास्तर, तमे बेसो. मारे त्यां बे छे."

दोन म्हटल्यावर मात्र लोक हसले, आणि मग बांध फुटल्यासारखे एकेक उठायला लागले. दुपारपर्यंत कॉमन प्लॉटमध्ये मोटरींची रांग लागली. रंग उडालेल्या, गंजलेल्या, एक तर देवघराच्या पडद्याखालून आणलेली, तिला हळद-कुंकू लागलेलं. माझी मी स्वतः उचलून नेली, कुणाला हात लावू दिला नाही. दुसऱ्या दिवशी पाणीपुरवठ्याची माणसं आली. साडू खड्ड्याच्या काठावर खुर्ची टाकून बसले होते. आम्हीच कधीतरी गल्लीत मांडवाचे खांब रोवताना चेंबरपाशी पाइपाचा सांधा फोडला होता, तो सापडला. सांधा बदलला, लाईन धुतली, टाक्या रिकाम्या करून घासल्या. गल्लीतली मुलं साडूंना "पाणीवाळा काका" म्हणायला लागली आणि त्यांच्याकडून हात तपासून घ्यायला रांगेत उभी राहिली. अंगठ्यासकट.

डोहाळजेवण आम्ही घरातल्या घरात, उकळून गार केलेल्या पाण्यावर केलं. मुक्ताच्या सासरच्या मंडळींना ते जरा साधं वाटलं. पाणीपुरीचं पाणीही उकळलेलंच, त्यामुळे तिला चव लागेना, पण तिनं तक्रार केली नाही. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, ते ठीक होतं. मात्र त्या म्हणाल्या की ही कावीळ लगेच दिसत नाही, काही आठवडे लक्ष ठेवावं लागेल. ते आठवडे मी कसे काढले ते मला विचारू नका. रोज सकाळी मी मुक्ताला काही ना काही निमित्तानं खिडकीशी बोलवायचो. पेपरातली बातमी वाच, चष्म्याचा नंबर बघ, ही सुई ओव. ती यायची, उजेडाकडे तोंड करून उभी राहायची आणि म्हणायची, "बाबा, पाहून घ्या डोळे, मग मी बसते." गंमत पाहा, नळीतल्या पाण्यात ज्या पिवळ्या रंगासाठी साडू जीव टाकत होते, तोच रंग मी पोरीच्या डोळ्यांत नसावा म्हणून देव पाण्यात घालून बसलो होतो. बरोबर सात वाजता वासण्याहून फोन येई.

"डोळे?" साडू विचारत.

"स्वच्छ," मी सांगे.

फोन बंद. एवढंच संभाषण, रोज. कधी फोनला पाच मिनिटं उशीर झाला तर मलाच करमत नसे. टोकाच्या घरातल्या मुली बऱ्या होऊन परत आल्या. गल्लीत तिसऱ्या कुणाला कावीळ झाली नाही. आठवडे गेले, महिना गेला, मुक्ताचे डोळे तसेच राहिले, आणि दिवस भरल्यावर तिला मुलगी झाली. गुटगुटीत, खणखणीत रडणारी. नर्सनं बाळ माझ्यापुढे धरलं तेव्हा मी आधी काय पाहिलं असेल ते सांगायला लाज वाटते. पण त्या वेळी तिनं डोळे घट्ट मिटलेले होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजोबा, सगळं छान आहे," आणि मी दवाखान्याच्या बाकावर बसून पोटभर रडलो. सुधानं मला पाणी दिलं. इतकं हलकं मला पूर्वी कधी वाटलं नव्हतं.

साडू आता थकले आहेत. एका डोळ्यात मोतीबिंदू आलाय, नळीतलं पाणी पिवळं झालं की नाही ते मावशीला, म्हणजे आपल्या बायकोला, विचारून घ्यावं लागतं आणि तिचं उत्तर त्यांना पटत नाही. स्कूटर मुलानं काढून घेतलीय. गल्ली तो रविवार हळूहळू विसरायला लागली आहे, आणि ते साहजिकच आहे. साथ आली असती तर वर्षानुवर्षं लोकांनी तिच्या गोष्टी सांगितल्या असत्या. न आलेल्या साथीची गोष्ट कोण सांगणार? मीसुद्धा त्यांचे आभार मानले नव्हते. रोज सकाळी फोनवर बोलत होतो, पण ते शब्द काही तोंडातून निघाले नाहीत.

बाळ तीन महिन्यांचं झालं आणि मुक्ता अहमदाबादला परत निघाली. आदल्या दिवशी ती म्हणाली, "बाबा, वासण्याला जाऊन येऊ ने." न कळवताच आम्ही सगळे रिक्षानं गेलो. साडूंनी दार उघडलं. आम्हाला असं सकाळी सकाळी, बाळासकट दारात उभं पाहून त्यांचा चेहरा उतरला.

"कोण आजारी आहे?" त्यांनी विचारलं.

"कोणी नाही, काका."

"मग पाण्याचं काही?"

"पाणी चांगलं आहे."

दुसरं काही कारण साडूंना सुचेना.

"काका," मुक्ता म्हणाली, "मला कावीळ झाली नाही. हिलाही काही झालं नाही. आम्ही तेवढंच सांगायला आलो."

त्यांनी दाराची कडी धरून ठेवली होती. ते बोलले ते मुक्ताशी नाही, माझ्याशी. "मास्तर, उभी नोकरी झाली," म्हणाले, "आजारी पडलेले पुष्कळ आले. असं सांगायला कोणी आलं नव्हतं." मला त्यांना वाकून नमस्कार करायचा होता, पण मधे दुपट्यातलं बाळ घेऊन मुक्ता उभी होती, म्हणून मी नुसता त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

आतून मावशीनं विचारलं, "कोण आलंय हो?"

साडूंनी चष्मा काढला, पुन्हा घातला, एकेकाकडे नीट पाहिलं.

"आपली माणसं आहेत," ते म्हणाले. "सगळी बरी आहेत."